सात वाजताची गोळी

४ मार्च
बाबा आज शिडीवरून घसरले. दुसऱ्याच पायरीवर होते, म्हणून गुडघ्यावर निभावलं. दुकानाच्या पाटीवरचं शेवटचं अक्षर अर्धंच राहिलं. "भोवळ आली जराशी," म्हणाले. तीस वर्षं पाट्या रंगवतायत, हातून कधी ब्रशसुद्धा पडला नाही. प्रेशरची गोळी सुरू होऊन आज बाविसावा दिवस.

५ मार्च
सकाळी ९८/६०. परत मोजलं. तेच.

६ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. "गोळी एकच ना?"
"एकच. सात वाजता मीच बशीत काढून ठेवतो, मग बाइंडिंगच्या कामाला जातो. पाकिटातल्या मोजतोसुद्धा."
त्यांनी सांगितलेलं उतरवून ठेवतो. मनाने गोळी बंद करायची नाही. उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायचं, मग उभं राहायचं. सर्दीची, अंगदुखीची गोळीही विचारल्याशिवाय नाही. आठवडाभर रोज मोजायचं, मग डोस ठरेल. येताना घरातली सगळी औषधं आणायची. तोवर शिडी बंद. आणि असंच चालू राहिलं तर कायमचीच.
बाबा वाटेत म्हणाले, "आठवीत सोडलेली शाळा आता भरून काढतोयस." मी हसलो नाही.

७ मार्च
शिडी शेजारच्या सुतारकाकांकडे ठेवायला दिली. घरात असती तर ते चढलेच असते. बाबांनी ब्रश धुतले, पुसले, फडक्यात गुंडाळले. एरवी पाण्यात बुडवून तसेच ठेवतात.

८ मार्च
९६/६०. मोरीतून येताना भिंत धरली. मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं.

९ मार्च
आमच्याकडेच राहणारी आत्या पाच दिवसांसाठी लेकीकडे गेली. जाताना मला म्हणाली, "माझ्या भावाला सांभाळ."
"सांभाळतोच आहे."
"तू वही सांभाळतोस."
बाबा हसले. शिडी गेल्यापासून पहिल्यांदा.

१२ मार्च
१२६/८०! कालही असंच. तीन दिवसांत भोवळ नाही. काठावर बसण्याचाच गुण असणार. बाबा खिडकीशी बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "शिडी उन्हात टाकू नको म्हणावं त्या सुताराला. लाकूड तडकतं."

१४ मार्च
आत्या परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच बाबांना म्हणाली, "माझ्यामागे नऊची गोळी चुकवली नाहीस ना रे?"
मी म्हणालो, "नऊची कुठली?"
तिने तिच्या डब्यातून पाकीट काढलं. पहिल्या दिवशी दवाखान्यातून मिळालेलं. मी दुकानातून आणतो ती गोळी गुलाबी, तिची पांढरी. मागे औषधाचं नाव तेच. मी कामावर गेलो की ती रोज एक द्यायची. गडबडीत मी विसरत असेन, म्हणून.
बाबा चटईकडे बघत म्हणाले, "तू बशीत ठेवायचास, ही हातावर ठेवायची. नाही कुणाला म्हणू?"
उद्या दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जायचंय.
बाबांनी ब्रश आत्ताच भिजत घातलेत.