कास्टिंगच्या कोपऱ्यातली रेघ

सर, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. माझा राग काही गेला नाही, म्हणून लिहितोय. इथे मस्कतला मी पाइपांच्या वेल्डिंगचे एक्सरे कॉम्प्युटरवर बघतो, म्हणजे तुमच्या हडपसरच्या ऑफिसात करायचो तेच. तिथे इंजिनाच्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, एक्सरे असायचे. धातूत राहिलेल्या पोकळ्यांची हद्द मी माउसने आखायची, तुमच्या प्रोग्रॅमने त्याची आखायची, मग दोन्ही ताडून बघायच्या. बाकी सगळे इंजिनियर, मी नववी नापास, फाउंड्रीत कास्टिंग घासायला ग्राइंडर धरलेला. पहिल्याच दिवशी तुम्ही जाड भिंगांचा चष्मा काढलात आणि माझ्याकडे बघत म्हणालात, "आता आपण म्हणजे मला एक ठिपका. धूसर केल्यावरही जे टिकतं ते खरं, बाकी कचरा." प्रोग्रॅमही तेच करायचा. फोटो एकेक पायरी धूसर करत न्यायचा, बऱ्याच पायऱ्या टिकलेली पोकळी धरायची, आणि मग तिचं बोट न सोडता उलट येत स्वच्छ फोटोत तिची नेमकी कड गाठायची. मला तेव्हाच वाटलं, हा माणसंही अशीच निवडतो.

मग तो दिवस. एका कास्टिंगच्या कोपऱ्यात मी केसाएवढी रेघ ओढली. प्रोग्रॅमला तिथे काही सापडलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांना हाक मारलीत. "या, दर्शन घ्या. आमचा प्रोग्रॅम आंधळा, यांना दिव्यदृष्टी." खिशातला रुमाल काढून माझा मॉनिटर पुसलात. "जात नाही? मग आपणच पुसा." सगळे हसले. मी पुसली नाही. चार दिवसांनी कास्टिंगवाल्या कंपनीने ते कापलं, तर त्याच कोपऱ्यात तडा. माफी तुम्ही मागितली नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसलात. "कसं दिसलं रे तुला?" पहिल्यांदाच अरे-तुरे, आणि आवाजात टोमणा नाही. मी म्हणालो, "त्याला नजर लागते, सर."

सहा महिने तुम्ही त्या एका फोटोच्या मागे लागलात. पायऱ्या अर्ध्या करून बघितल्या. कडा जपून फक्त आतला भाग धूसर करून बघितला. पोरांवर खेकसायचात, "याला दिसतं म्हणजे फोटोत आहे! आपल्याला काढता येत नाही, एवढंच." मी चहा पीत बघत बसायचो आणि मला बरं वाटायचं. पुढे मी इकडे आलो. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा ऑफिसातला पोरगा म्हणाला, सर शेवटपर्यंत तोच फोटो उघडून बसायचे. तुमच्या शेवटच्या दर्शनाला मी आलो नाही.

तो रुमाल मी आजही माफ करत नाही. पण त्या कोपऱ्याला तडा जातो हे ग्राइंडर धरून माझ्या हाताला ठाऊक होतं. तुम्ही माझं काम बघता तरी का, ते बघायला म्हणून मी रेघ ओढली. फोटोत मला काहीच दिसलं नव्हतं, सर.