बाबांचे पाच गुण

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. बाबांच्या शुश्रूषेला आठवड्यातून दोनदा घरी येणाऱ्या नर्सबाईंनी माझी वाचनाची खुर्ची बाबांच्या उशाशी नेली आहे. सध्या मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ग्रंथाध्ययन करतो. पाठ आणि ज्ञानसाधना, दोन्ही वाकड्या झाल्या आहेत.

बाकी बाईंवाचून आमचे पान हलत नाही. कर्करोग हाडांत उतरला, आता घरी न्या, असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा घरी नेऊन करायचे काय, हेच मला ठाऊक नव्हते. बाईंनी कूस वळवायला, पाठ पुसायला, ओठ ओलवायला शिकवले. एक वहीही दिली आहे. दिवसातून चारदा बाबांना विचारायचे, दुखणे दहापैकी किती? सहा किंवा त्याहून जास्त म्हणाले, तर छोट्या बाटलीतले जादा औषध द्यायचे. बाबा नेमाने पाच सांगतात. तीन आठवडे झाले, बाटलीचे बूच निघालेले नाही. जन्मभर पेपर तपासलेल्या माणसाने दुखण्यालाही शिस्त लावली आहे.

लोभ असेल तोवर लिहीत जा. आटला तर तसे कळव.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

खुर्चीच्या वियोगाबद्दल सांत्वन. उभ्याने वाचलेस तर पोट तरी उतरेल.

पण तो पाच मला स्वस्थ बसू देत नाही. शाळेत पहिला आलेला माझा निबंध आठवतो? बाबांनी घरी पुन्हा तपासून दहापैकी पाच दिले होते. मी रडले तेव्हा आई म्हणाली, अगं, याहून जास्त त्यांच्या हातून कुणाला सुटलेत? अरे शहाण्या, पाच म्हणजे बाबांचे पैकीच्या पैकी. इथून तुझा फोन लागत नाही, म्हणून लिहिते; पत्र मिळताच बाईंना सांग. मी शनिवारी निघते.

रागावले तरी तुझीच,
ताई

१० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दुपारी मिळाले. ते हातात धरूनच फोन केला. बाई तासाभरात आल्या. वही मिटून त्यांनी बाबांना विचारले, कूस बदलताना श्वास रोखता का? बाबा म्हणाले, रोखतो, घरी आल्यापासून. मग दहा का नाही सांगितलेत? तर म्हणाले, आत्ताच दहा दिले आणि पुढे वाढले, तर काय देणार?

बाईंनी त्यांची मूठ उलगडून मला दाखवली. तळव्यात नखांचे चार अर्धगोल रुतले होते, जुन्यांवर ताजे. ती नखे दर रविवारी मीच कापतो, ताई.

औषध दिले. अर्ध्या तासाने मूठ आपली आपण सुटली आणि बाबा तोंड उघडे टाकून झोपले. मी बूच हातात धरून उभा. बाईंनी मला बोल लावला नाही. मीही आकड्यावरच विसंबले, म्हणाल्या. आता आकडा विचारायचा नाही, कपाळ आणि मूठ पाहायची, शंका आली की केव्हाही फोन करायचा. मग चहा त्यांनीच केला आणि मला त्या खुर्चीत बसवले. ती त्यांनी माझ्यासाठीच उशाशी ठेवली होती. मी तिच्यावर धुतलेले कपडे रचत होतो.

लवकर ये. बाबा जाणार, हे मी घोकून पाठ केले आहे. धास्ती त्याची नाही. पन्नास वर्षे जवळ राहून मला त्यांचे पाच वाचता आले नाहीत. उद्या त्यांचे बोलणे थांबले आणि दुखत राहिले, तर मला कळेल का, एवढीच भीती वाटते.

तुझा,
धाकटा