जिवंत माणसाची निधनवार्ता

प्रिय ताई,

धांदल इतकी आहे की पेन हातात धरायला सवड नाही, पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या पेपरच्या कचेरीत सध्या माहितीपटवाले ठाण मांडून बसलेत. बंद पडत चाललेल्या पेपरचे शेवटचे दिवस त्यांना टिपायचे आहेत. कॅमेरा आला आणि सगळ्यांच्या अंगात आलं बघ. जाहिरातवाले काका मुका फोन कानाला लावून, "पूर्ण पान हवंय? बघतो जागा आहे का," म्हणत फेऱ्या मारतात. प्रूफं तपासणाऱ्या मावशी लिपस्टिक लावून चुका शोधतात, आणि बाबा संपादक असूनही कॅमेरा दिसला की तातडीने खिडकी पुसायला घेतात.

अशातच आम्ही गणिताच्या निवृत्त मास्तरांना मारलं. वारले होते त्यांच्याच नावाचे दुसरे गृहस्थ. निधनवार्तेत फोटो लागला मास्तरांचा. सकाळी मास्तर स्वतः दारात हजर. काका चटकन कपाटाआड गेले, बाबांनी पुन्हा खिडकीचं फडकं उचललं, आणि दिग्दर्शिका मात्र कॅमेरेवाल्याला खुणा करून जवळ सरकवत होती. मास्तर शांतपणे म्हणाले, "मेलो त्याची तक्रार नाही. पण जन्मभर शिकवलं आणि चारच ओळी?"

मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, हसूही आवरत नव्हतं. मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, सांगा, सगळं लिहिते. काय सांगितलं गं त्यांनी! लहानपणी अपूर्णांकांना भिऊन शाळेतून पळून जायचे म्हणे. म्हणूनच वर्गात चुकणाऱ्यावर पुढे कधी हात उगारला नाही. दिलगिरीसकट आम्ही ते पानभर छापलं. दुपारपर्यंत अंक शिल्लक राहिला नाही. दुसऱ्या दिवशी दारात रांग! शिंपीणबाई, पोस्टमन, दातांचे डॉक्टर, सगळ्यांचं एकच म्हणणं, आमचंही लिहा, वाचायला आम्ही आहोत तोवर. दर रविवारी ते पान निघतं आता. काकांचा फोन खराच वाजतो आणि ते दचकतात. दिग्दर्शिका तेवढी हिरमुसली आहे. तिला शेवटी दाराला कुलूप दाखवायचं होतं.

काल त्या खुर्चीत बाबा येऊन बसले. म्हणाले, या रविवारी माझं घे. छापखान्यातली उमेदवारी, आईशी लग्न, पहिला अंक, सगळं हसतखेळत सांगत गेले आणि मग अडखळले. कॅमेरा चालू होता, तरी उठले नाहीत. "थोरलीने कारखाना नदीत सांडपाणी सोडतो अशी बातमी आणली होती. खरी होती. मालकाची जाहिरात जाईल म्हणून मी भ्यालो आणि तिलाच खोटं पाडलं. म्हणून ती घर सोडून गेली. हे असंच लिही." मावशींनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला. मी लिहीत राहिले, पण अक्षरं मलाच दिसेनात.

ताई, ते स्वतः लिहायला बसले होते. "प्रिय"च्या पुढे जाईनात, म्हणून मी लिहितेय. त्या पानावर त्यांना तुझी बातमी छापायची आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तुझ्या नावानं. पण नदी अजून तशीच काळी वाहतेय, तेव्हा नुसती जुनी बातमी पुरेशी नाही. रविवारचं पान आम्ही रिकामं ठेवलंय. ये आणि तूच लिही.

तुझीच,
धाकटी