मेढीभोवतीची उलटी फेरी

९ जुलै १९९६

पुन्हा डावाच!

आज उमापूरची चौदावी मुलगी तपासली. रुद्राणी, वय सतरा. खो-खोत खांबावरून वळून पाठलाग करणारी. मागच्या हिवाळ्यात बीडच्या निवड सामन्यात वळताना गुडघा पिळवटला. चौघींनी उचलून बाहेर आणलं. तेव्हापासून तेल, शेक आणि खाट. शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्या मोजल्या, गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वर. डावी तीन सेंटिमीटर बारीक! आठ महिने पाय हलवूच दिला नाही घरच्यांनी. मग स्नायू राहील कसा?

"नोव्हेंबरात परत निवड हाय," म्हणाली. "मला खांबावर उभं राहायचंय, मॅडम. बाकी काई नगं."

परतीच्या एसटीत वही उघडली. इस्पितळातल्या फिजिओथेरपीच्या नोकरीतून लवकर निवृत्त होऊन गेवराईला आले त्याला चार वर्षं झाली, तेवढीच ही वहीही जुनी. पाच गावं, गुडघा दुखावलेल्या एकेचाळीस मुली. इतर चार गावांत डावे-उजवे निम्मे निम्मे. उमापुरात चौदांपैकी तेरा डावे. सगळे १९९२ नंतरचे.

त्यांचे खेळाचे शिक्षक त्रिंबक सर म्हणतात, "पोरी नाजूक हायत मॅडम. तुमी लई इचार करता." — डावा गुडघाच तेवढा नाजूक?

१८ जुलै

गुफरानभाईच्या सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या. रुद्राणीच्या घोट्याला पट्टी, दुसरं टोक खाटेच्या पायाला. ओढ, धर, सोड. वीस वेळा. मग घडी घातलेल्या गोधडीवर एका पायावर उभं राहणं. तिची आज्जी बसम्मा उंबऱ्यात बसून बघत होती.

"बगळा केला की माज्या नातीचा!"

६ ऑगस्ट

एक सेंटिमीटर भरलं!

इतका आनंद झाला की घरी येऊन एकटीनेच दोन कप चहा प्यायले. उगाच शाळा आठवली. हैदराबादच्या आमच्या कॉन्व्हेंटच्या अंगणात घंटेचा खांब होता. शाळा सुटली की त्याला हात घालून आम्ही गिरक्या घ्यायचो. फ्रॉकचा घेर छत्रीसारखा उघडायचा. चौदाव्या वर्षी मी तिथंच पडले. गुडघ्यावर बर्फ धरून सिस्टर अ‍ॅग्नेस हसत म्हणाल्या होत्या, "वेंधळी पोर!" प्रेमाने म्हणाल्या. पण ते माझ्यात राहिलं. त्यानंतर मी कधी धावले नाही. दुसऱ्यांचे गुडघे मात्र आयुष्यभर बांधले — बांधायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं. किती मऊ हात होते त्यांचे.

२९ ऑगस्ट

सापडलं! सापडलं!!

मीच मूर्ख. चार वर्षं शाळेच्या खोलीत बसून गुडघे मोजले, पण मुली कुठं खेळतात ते पाहायला कधी गेले नाही. आज गेले. शाळेचं मैदान म्हणजे नुसती खडी, म्हणून त्या बसम्माच्या खळ्यावर खेळतात. १९९२ साली मळणीयंत्र आलं तेव्हापासून खळं रिकामंच. सारवून सारवून फरशीसारखं टणक झालेलं. मळणीचे बैल जुंपायची मेढ अजून तिथं रोवलेली आहे, हळदीकुंकू लावलेली. मेढ हा एक खांब. खळ्याबाहेरचा चपलांचा ढीग हा दुसरा!

मुली मेढीपाशी धावत येत, उजवा हात मेढीला लावत आणि वळत. प्रत्येक जणी मेढ उजव्या हाताला ठेवूनच. एकदाही दुसऱ्या बाजूने नाही.

"अगं, डावीकडून कावून वळत नाही तुम्ही?" मीही त्यांच्यासारखीच बोलायला लागले आहे.

रुद्राणी काठावर बसली होती. तिने जीभ चावली. "मॅडम! मेढ देव हाय. देवाला उलटी फेरी कशी घालायची?"

प्रदक्षिणा! वळताना बाहेरचा पाय जमिनीत रोवला जातो, सगळा पीळ त्या गुडघ्यात उतरतो. रोज शंभर वेळा त्याच एका गुडघ्यात!

पण मग उरलेली एक? तो एक उजवा? वही काढली. अनिसा, गुफरानभाईची मुलगी. तिला वळायला लावलं — ती डावखुरी. डावा हात मेढीला, उलटी फेरी.

"तुला कुणी अडवलं नाही?"

"मला कुणी सांगितलंच न्हाई," ती हसत म्हणाली.

तेरा डावे आणि एक उजवा. खळ्याच्या मधोमध उभी राहून मी टाळ्या वाजवल्या. मुलींना वाटलं, मॅडमला ऊन लागलं.

१० सप्टेंबर

औरंगाबादच्या एका मोठ्या डॉक्टरांना वही दाखवली. "बाई, ही हौस झाली. संशोधन नव्हे. बदल करून दाखवा, मग या."

बरं. दाखवते.

१२ सप्टेंबर

बदल म्हणजे निम्म्या फेऱ्या उलट्या. तालुक्याच्या मैदानावर साधे खांब आहेत, तिथं मुलींना नेलं. तिथंही सगळ्यांचे पाय आपोआप उजवीकडेच! सवय मेढीवर लागली, ती मेढीवरच मोडायला हवी.

बसम्माने साफ सांगितलं, "माज्या खळ्यावर उलटी फेरी न्हाई."

"आज्जी, अनिसा चार वर्षं उलटीच फिरतीय. तिला काय झालं?"

"काय झालं? उजवा मोडला की तिचा!"

मलाही हसू आलं. रुद्राणी मात्र हसली नाही. भिंतीकडे तोंड करून ट्यूब ओढत राहिली. एकाच बाजूने वळली तर हा गुडघा नोव्हेंबरच्या आधीच जाईल. तिला ते कळतं. मलाही.

१३ सप्टेंबर

काही नाही.

१६ सप्टेंबर

सकाळी खळ्यावर गेले तर बसम्मा आधीच तिथं. मेढीला नवं कुंकू, समोर नारळ. मुली रांगेत उभ्या. मला म्हणाली, "रातभर पोरगी रडली. पाप लागायचंच आसंल तर आदी मला लागू द्या. माजं काय, सत्तर झाले."

पदर खोचला आणि म्हातारी मेढीला डावा हात लावून उलटी निघाली. हळूहळू, एक पाऊल, दुसरं पाऊल. पूर्ण फेरी! मग वर आभाळाकडे पाहिलं.

"ईज न्हाई पडली. चला गं, पळा!"

मी रडले. लपवलं नाही.

४ ऑक्टोबर

अठरा दिवसांत नवा एकही गुडघा नाही. रुद्राणी धावते. अजून डावीकडे वळताना चुकते, मग स्वतःलाच शिव्या देते.

२ नोव्हेंबर

डावी मांडी — उजवीइतकी! तीनदा मोजली. बसम्माने चौथ्यांदा मोजायला लावली, टेपवरचा आकडा वाचता येत नसूनही.

२४ नोव्हेंबर

बीड. परतीच्या एसटीत लिहिते आहे, अक्षर वाकडं येतंय — येऊ दे!

समोर केजचा संघ. त्यांच्या पळणाऱ्या मुलींना ठाऊक होतं की उमापूरची पोरगी खांबावरून उजवीकडूनच येणार. दोघी निर्धास्त डाव्या बाजूला सरकत होत्या. शेवटचं मिनिट. रुद्राणी खांबाकडे सुटली, उजवा हात पुढे केला आणि आयत्या वेळी डावा टाकला. उलटी! केजची मुलगी जागीच गोठली. रुद्राणीने तिच्या पाठीवर हात ठेवला, अगदी मायेने ठेवावा तसा.

बाद!

त्रिंबक सरांनी टोपी हवेत उडवली, ती अजून सापडलेली नाही. गुफरानभाई सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडत होते, "माजी ट्यूब हाय ती! माज्या दुकानची!" बसम्मा खाली बसून मातीला हात लावत होती. रुद्राणी जिल्ह्याच्या संघात, पहिलं नाव. चालत बाहेर आली. स्वतःच्या दोन पायांनी. वाकून माझ्या पाया पडली तेव्हा मी आधी तिचा गुडघा दाबून पाहिला. सूज नाही.

२९ नोव्हेंबर

नवे आकडे डॉक्टरांना कळवले होते, आज औरंगाबादहून त्यांचं पत्र. "वही घेऊन या. परिषदेत वाचायची आहे." माझी हौस!

१ डिसेंबर

निबंधासाठी टेप काढला होता. सहज आपल्या मांड्यांना लावून पाहिला. डावी अडीच सेंटिमीटर कमी. घंटेचा खांब आठवला, खांबाला लावलेला माझा हात आठवला. उजवा. नेहमी उजवाच — देवळात जाणाऱ्या घरातली मी, मलाही उलटी फेरी कुणी शिकवली नव्हती.

वहीत लिहिलं: बेचाळिसावी. वय अठ्ठावन्न. डावा गुडघा.

मी वेंधळी नव्हते, सिस्टर.