आजोबांची साक्षीदार

प्रिय बारके,

तुझा मेसेज वाचला. आजोबा गेल्याचं कळल्यापासून घास उतरत नाही, इतका सरळ माणूस पुन्हा बघायला मिळायचा नाही, असं तू लिहिलंस. मी उत्तर दिलं नाही. नंतरचे तुझे चार फोनही उचलले नाहीत. फोनवर तू मधेच काहीतरी प्रेमाने बोलशील आणि माझं सांगायचं राहून जाईल, मी स्वतःला चांगली ओळखते. म्हणून हे पत्र कुरियरने पाठवतेय. उद्या, मंगळवारी दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल. पडल्या पडल्या वाच आणि शेवटपर्यंत वाच, कारण यात तुझ्या बाबांचं आहे. हो, बाबांचंच. तोंड वाकडं करू नकोस, आधी वाच.

आजोबा शेवटपर्यंत तुला आठवतात तसेच होते. पोलिसातून निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली तरी सकाळी सहाला दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि बुटांना पॉलिश. कुठे निघालात विचारलं की म्हणायचे, कुठे नाही, पण बोलावणं आलं तर? अख्खी गल्ली त्यांना टरकून असायची आणि ते पालीला. बाथरूममध्ये पाल निघाली तेव्हा तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आले होते आणि आपल्या दोघींच्या हातात झाडू देऊन म्हणाले होते, जा, पंचनामा करून या. किती हसलो होतो गं आपण. संत्रं सोलायचे ते बिया काढून, आणि पहिली फोड नेहमी तुला, कारण मी नात आणि तू माझी मैत्रीण, म्हणजे पाहुणी. मला तुझा केवढा राग यायचा तेव्हा!

संध्याकाळचा त्यांचा खेळ आठवतो ना? फिरताना कोपऱ्यावर थांबवायचे. आत्ता गेला त्या माणसाच्या हातात काय होतं? शर्टाचा रंग? घड्याळ कुठल्या हाताला? तू बावचळायचीस आणि मी फाडफाड सांगायचे. मला साक्षीदारबाई म्हणायचे, ठाण्यातले कोणी घरी आले की माझं कौतुक ऐकवायचे. खरं सांगू? निम्मं मी ठोकून द्यायचे. माणूस निघून गेलेला, तपासणार कोण? पण आजोबांचा हात पाठीवर पडला की मला आणखी काही नको असायचं. जन्मभर लोकांचं खोटं पकडलेल्या माणसाला माझं खोटं कधी दिसलं नाही.

आता ती दुपार. आपण अकरा वर्षांच्या होतो. समोरच्या मेडिकलवाल्याच्या डोक्यात कोणीतरी मागून लोखंडी दांडा घातला आणि गल्ला घेऊन पळालं. तो वाचला, पण मारणारा त्याने पाहिलाच नव्हता. आजोबा धावत खाली गेले, वर आले आणि मला विचारलं, तू कुठे होतीस? मी बाल्कनीत म्हणाले. बारके, मी बाल्कनीत नव्हते. मी आतल्या खोलीत आरशासमोर होते, आजोबांची टोपी घालून. त्या टोपीला हात लावलेला त्यांना चालायचा नाही, तुला माहीत आहे. एवढंच लपवायचं होतं मला. पण बाल्कनीत होते म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच, काय दिसलं? काहीच नाही म्हणायला जीभ रेटेना. साक्षीदारबाईला काही दिसलं नाही, हे कसं चालेल? सकाळी तुझे बाबा तिथे वायरिंगचं काम करून बाहेर पडताना दिसले होते. तेच मी दुपारी नेऊन ठेवलं. म्हणाले, तपकिरी पिशवी होती, एका पायाने लंगडत होता.

मी नाव घेतलं नव्हतं. बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घातली ती यावरच. पण गल्लीत लंगडणारा वायरमन एकच होता, आणि त्याचा पाना दुकानात सापडला. सकाळी काम करताना विसरला होता, तसं तो सांगत होता, कोणी ऐकलं नाही. तपासाला आलेल्या साहेबाने आजोबांना विचारलं, पोरगी लहान आहे, हिच्यावर विसंबायचं का? आजोबा म्हणाले, माझी नात खोटं बोलत नाही. झालं. कोर्टात मला दिसावं म्हणून स्टुलावर उभं केलं. मी पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. तुझे बाबा माझ्याकडे एकटक बघत होते. रागाने नाही गं, काहीतरी चुकतंय आणि मी आता दुरुस्त करीन, अशा आशेने. मी केलं नाही. सात वर्षांची शिक्षा झाली त्यांना.

आणि तू! आईने तुला मामाकडे नेलं, तिथून तुझं पहिलं पत्र आलं. तू पाहिलंस म्हणजे खरंच असणार, मी तुझ्यावर रागावले नाहीये, असं लिहिलं होतंस. चुरगाळून टाकलं मी ते. तू बाबांना भेटायला तुरुंगात गेली नाहीस, सुटून आले तेव्हा दार उघडलं नाहीस, लग्नाला बोलावलं नाहीस. आणि दर वेळी मला फोन करून विचारायचीस, बरोबर केलं ना मी? मी बरोबर म्हणायचे. बाई गं, कुठल्या तोंडाने म्हणायचे मी?

गेल्या महिन्यात आजोबांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि समोर बसवलं. श्वास पुरत नव्हता त्यांना, पण आवाज ठाण्यातला. म्हणाले, त्या दिवशी संध्याकाळी टोपी डब्यात उलटी होती. मी ते तेव्हाच पाहिलं होतं. दुसऱ्या कोणाची नात असती तर दहा वेळा उलटून विचारलं असतं, तुला एकदाही विचारलं नाही. आता विचारतो, कुठे होतीस? मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद मागवला, माझा जबाब स्वतःच्या हाताने लिहिला, त्याखाली स्वतःचा लिहिला की संशय असूनही मी गप्प बसलो. दोघांनी सह्या केल्या. मग म्हणाले, बूट आण, वायरमनकडे जायचंय. दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर त्यांना धाप लागली आणि ते खाली बसले. उठवेना. लहान मुलासारखे रडले गं तिथे. नवव्या दिवशी गेले. ते मला अजूनही तितकेच आवडतात, आणि त्यांचा तितकाच रागही येतो.

कागद मी वकिलाकडे दिलेत. पण हे पत्र त्यासाठी नाही. शनिवारी मी तुझ्या बाबांना शोधत गेले, तर त्यांचं वायरिंगचं दुकान बंद. शेजारी म्हणाला, सरकारी दवाखान्यात आहेत, हृदयाचं ऑपरेशन आहे. तिथे खाटेशेजारी उभी राहून मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे तिला कळवू नकोस. बाप तर तिचा गेलाच, निदान मैत्रीण तरी राहू दे. बारके, मी त्यांचं ऐकत नाहीये. ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला आहे, तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. डॉक्टरांनी भरवसा दिलेला नाही. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते, तिथे त्यांनी कोणी नाही असं लिहिलंय. नर्स मला म्हणाली, तुम्हीच करा. मी पेन परत दिलं. तू आलीस तर मी जिन्यातही दिसणार नाही, माझं तोंड तुला बघावं लागणार नाही. पण बुधवारची गाडी पकड आणि ये. त्यांनी काहीही केलेलं नाही.

तुझीच लिहिताना हात अडतोय, तरी
तुझीच