दुसरी खेप

३ जून, सोमवार

सायप्रसचं भाषण मी लिहायचं! कॉफी आणायला सांगावं तसं साहेब जाता जाता बोलून गेले – "लुकिया, या वर्षी तू लिही. दर वर्षी मी तेच तेच बोलतो, आता माझी मलाच झोप येते."

इतके दिवस मी फक्त लोकांच्या पेन्शनच्या आणि व्हिसाच्या तक्रारी घेत होते. मल्क्वीनसाहेब आयरिश, पण ग्रीकांची वस्ती असलेल्या अस्टोरियातून खासदार व्हायचं तर ग्रीकांची आणि सायप्रसवाल्यांची दुःखं पाठ असावी लागतात. त्यांना ती पाठ आहेत. चर्चच्या जत्रेत बायकांचे हात धरून नाचतात, पाय चुकतात, बायका आणखी जोरात टाळ्या वाजवतात. या वर्षी त्यांनी ठराव मांडलाय – तुर्की सैन्याच्या ताब्यातल्या उत्तर सायप्रसमधले लष्करी पट्टे खणायला मोकळे करा, चौऱ्याहत्तरच्या लढाईत बेपत्ता झालेली माणसं शोधू द्या.

त्या माणसांत आमचे आजोबा आहेत. एव्हागोरास. आईचे वडील.

म्हणूनच मला दिलं असणार. आणि म्हणूनच भीती वाटते.

५ जून

पहाटे स्वप्न. हेल गेटच्या पुलावरून, जिथून फक्त रेल्वे जाते, तिथून एक गावठी बस येत होती. टपावर खाटा, कोंबड्यांचे पिंजरे, एक शिलाई मशीन. बस अगदी हळू, पाण्यावर तरंगावी तशी. खाली नदी दुधासारखी पांढरी. चालवणारा माणूस आजोबांच्या फोटोतलाच – अठ्ठावीस वर्षांचा, कानामागे सिगारेट. माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "कुठे जायचंय, बाई?"

बाई म्हणाला! नात आहे हे त्याला कसं कळणार. मी सत्तावीसची. पुढच्या वर्षी आम्ही एका वयाचे होऊ, नंतर मी त्याच्यापेक्षा मोठी.

जागी झाल्यावर कितीतरी वेळ कपड्यांना डिझेलचा वास आहे असं वाटत राहिलं.

८ जून, शनिवार

भाषणासाठी म्हणून आजीला पुन्हा सगळं विचारलं. ती वेलीची पानं भरत होती. मान वर न करता बोलत गेली.

"बस त्याची स्वतःची. गाव खाली करा म्हणाले तेव्हा पहिल्या खेपेला मी, तुझी आई, म्हाताऱ्याकोताऱ्या. तुझी आई दोन वर्षांची, सारखी हॉर्न वाजवायची. आम्हाला खाली उतरवलं नि म्हणाला, दुसरी खेप करून येतो."

"मग?"

"मग काय मग! तू कॉलेजात शिकलीस, हिशेब तूच कर."

थोड्या वेळाने आपणहूनच बोलली – "कोणी उतरायचं राहिलं नाही ना, हे पाहिल्याशिवाय तो स्वतः उतरायचा नाही. जेवण गार व्हायचं. मी ओरडायचे. म्हणायचा, ड्रायव्हर शेवटी उतरतो, क्रिस्टाल्ला."

गेल्या रविवारी चर्चमध्ये पाहिलं. तिच्या वयाच्या विधवा सगळ्या काळ्या कपड्यांत. मध्ये आमची आजी, पोपटी स्वेटर घालून. पंचेचाळीस वर्षांत काळं अंगाला लावलेलं नाही. कोणी विचारलं तर म्हणते, "मी विधवा आहे असं तुला कोणी सांगितलं?"

१२ जून

मसुदा झाला. शेवटचं वाक्य मला स्वतःलाच आवडलं – 'या कुटुंबांनी आपलं सगळं दिलं आहे. ओळख पटावी म्हणून स्वतःचं रक्तसुद्धा दिलं आहे. आता फक्त जमीन उघडायची बाकी आहे.'

साहेब मोठ्यांदा वाचून म्हणाले, "हे मी रडल्याशिवाय कसं म्हणू? आणि रडलो तर लोक म्हणतील निवडणूक आली!"

दिवसभर पाय जमिनीला लागले नाहीत. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. माझं वाक्य संसदेत!

१४ जून

तारखा, गावाचं नाव, सगळं पडताळावं म्हणून सायप्रसच्या राजधानीत, निकोसियाला, बेपत्ता माणसांच्या समितीत फोन केला. न पडताळता मला झोप लागली नसती.

पलीकडून एक मुलगी बोलली, सेवगुल. उत्तरेकडची, तुर्की बोलणारी. तिच्या इंग्रजीत आमच्याच बेटाचा हेल. माझी ओळख विचारून घेतली, तारीख सांगितली, गाव सांगितलं. मग थबकली.

"तुमच्या कुटुंबाचा रक्ताचा नमुना आमच्याकडे नाही."

"असणार. आजी स्वतः गेली होती."

"पत्नीचं रक्त चालत नाही हो. नातं लग्नाचं ना, रक्ताचं नाही. हाडांशी जुळवायला मुलीचं लागतं. तुमच्या आईचं आलेलं नाही."

"पण आम्ही दर वर्षी..."

दर वर्षी वीस जुलैला, तुर्की सैन्य बेटावर उतरलं त्या तारखेला, आम्ही तुर्की वकिलातीसमोर त्याचा फोटो घेऊन उभे राहतो. कुठे आहे आमचा माणूस, म्हणून ओरडतो. आणि सापडला तर ओळखायचा कसा, त्याची सोयच आम्ही केलेली नाही!

१५ जून

आईला विचारलं. ती सलूनमध्ये एका बाईचे केस धूत होती. नळ चालूच ठेवला.

"अँड्रूला, तुझी मुलगी रडतेय," ती बाई डोळे मिटूनच म्हणाली.

"कॉलेजात शिकलेल्या मुली रडतातच," आई म्हणाली. पण हात थांबला होता.

नंतर मागच्या दारात सांगितलं. त्या समितीचे लोक रक्त घ्यायला चर्चच्या हॉलमध्ये आले होते, मी शाळेत होते तेव्हा. आजी रांगेत सगळ्यांच्या पुढे, बाही वर करून. तिथल्या पोरीने सांगितलं, तुमचं चालणार नाही. आजीचा चेहरा आईने तसा कधीच पाहिला नव्हता. "मी त्याच्यासाठी इतकी वर्षं रडले नि माझं रक्त चालत नाही?" तिने बाही खाली केली, आईचा हात धरला नि घरी आणलं. लोकांना सांगितलं, रक्त दिलं.

"पण तू नंतर जाऊ शकली असतीस."

"हो." आईने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मिरियांथीमावशी आठवते?"

आठवते. आजीची जिवलग मैत्रीण, एकाच गावची. तिचे वडील दुसऱ्या खेपेसाठी गावात थांबले होते. आठ वर्षांपूर्वी सापडले, पाटाजवळच्या खड्ड्यात. मावशी जाऊन त्यांना पुरून आली. तेव्हापासून वकिलातीसमोर येत नाही. आता ती कशाला येईल? संध्याकाळी बाल्कनीत बसते नि कोणाची वाट पाहत नाही.

"तुझ्या आजीकडून वाट पाहणं काढून घेतलं तर काय उरेल?" आई म्हणाली. "मला ते धाडस झालं नाही, बाळा."

१७ जून

ते वाक्य राहू देता येत नाही. राहू दिलं तर खोटं होतं. काढलं तर भाषणात काही राहत नाही.

दुपारी टेबलावर डोकं ठेवलं तेवढ्यात पुन्हा बस दिसली. या वेळी रिकामी. मागच्या सीटवर आजीची शाल. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे पाहत होता, रागाने नाही. नुसता पाहत होता.

१८ जून

साहेबांना सांगितलं. सगळं.

"पोरी, बाकी सगळ्यांनी रक्त दिलंय. वाक्य खरंच आहे. तपासतंय कोण?"

"मी."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "अठरा वर्षं मी परराष्ट्रमंत्र्यांकडे हाडं मागतोय. सहा मंत्री झाले. सगळे म्हणतात, विचार करू. तुला एका आजीकडे मागायचंय. तुझं काम जास्त कठीण आहे, देवाशपथ."

वाक्य काढलं. त्या जागी आजोबांची दुसरी खेप घातली. साहेब म्हणाले, "तिची परवानगी घे. तिच्या नवऱ्याचं नाव मी तिला न विचारता घेणार नाही."

२३ जून

आजीला रक्ताचं विचारायला गेले. नावाचंच विचारून आले. भित्री!

नावाला हो म्हणाली. खूश झाली. "आयरिश माणूस नीट उच्चारेल का पण?"

३० जून

आज विचारलं.

आजी जास्वंदीला पाणी घालत होती. घालतच राहिली. कुंडी भरली, पाणी ओसंडून खालच्या मजल्यावर टपकायला लागलं, खालून कोणीतरी ओरडलं.

"तुझ्या आईने पाठवलं?"

"नाही. मीच."

"रक्त द्या म्हणजे ते हाडं देणार. मला हाडं नकोत. मला तो पाहिजे." मग एकदम कडवट हसून म्हणाली, "तुला शिकवलं ते माझ्यावरच चालवायला का?"

पायऱ्या उतरताना रेलिंग घट्ट धरलं.

७ जुलै

बोलत नाही माझ्याशी. रविवारी थाळी वाढली, पण चमचा दिला नाही. उठून मीच घेतला.

१८ जुलै, गुरुवार – वॉशिंग्टन

भाषण झालं. मी वरच्या सज्जात बसले होते.

सकाळच्या पाच मिनिटांच्या भाषणांना कोणी नसतं, हे मला माहीत होतं. पाहिलं मात्र नव्हतं. तपकिरी खुर्च्यांच्या रांगाच रांगा, रिकाम्या. अध्यक्षांच्या जागी कोणी तरी, खाली टिपणं घेणारी एक बाई, नि आपली पाळी यायची म्हणून कागद चाळणारे दोन सदस्य. बस. उजेड मंद, मधासारखा. साहेबांचा आवाज त्यातून चालत गेल्यासारखा वाटला. "एव्हागोरास नावाच्या एका बस ड्रायव्हरने बायकोला सांगितलं, दुसरी खेप करून येतो." नाव चुकलं, मधे अडखळले, पुन्हा नीट घेतलं.

मला क्षणभर खरंच वाटलं की त्या खुर्च्यांवर माणसं आहेत. टोपल्या मांडीवर घेऊन बसलेली. बस सुटायची वाट पाहत.

१९ जुलै

आजीने टीव्हीवर पाहिलं. टीव्हीवर फक्त बोलणारा माणूस दिसतो.

मी घरात पाय ठेवला तोच विचारलं – इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य! – "किती लोक होते गं? भरलं होतं?"

आई तिच्या मागून मला खुणावत होती. हो म्हण, हो म्हण.

मला नाही जमलं.

"रिकामं होतं, आजी. चारपाच माणसं."

"मग तो बोलत होता कुणाशी?"

"रिकाम्या खुर्च्यांशी."

आजी खाली बसली. रागावेल वाटलं. टेबलावरचा पाव मोडून तुकडे करत राहिली, एक, दोन, खाल्ला एकही नाही.

"माझ्यासारखंच की," ती म्हणाली.

रस्त्यावरून आइस्क्रीमच्या गाडीचं गाणं आलं नि गेलं. मग ती आईकडे न पाहता बोलली – "अँड्रूला, बाही वर कर. त्या पोरीला फोन लावा. माझं चालत नाही, तुझं चालतं. तुझ्यात माझंही आहेच की थोडं."

आई तिथेच उभी राहून रडायला लागली. आजी तिलाच ओरडली – "रडतेस काय! सुई कुठे टोचलीय अजून!"

२० जुलै

वकिलातीसमोर उभे राहिलो. आजीने फोटो धरला, पण ओरडली नाही. साहेब आले, तिचा हात हातात घेतला.

"नाव चुकवलंस," ती म्हणाली.

"एकदाच," साहेब म्हणाले.

"एकदाच तर घेतलंस!"

साहेब इतके हसले की पोलिसानेही वळून पाहिलं.

९ ऑगस्ट

निकोसियाहून आलेल्या डबीत आईचं रक्त. डॉक्टरकडे आजी शेजारी बसून होती, आपलीही बाही वर करून.

२ ऑक्टोबर

साहेबांच्या ठरावावर आणखी अकरा सह्या. लष्करी पट्टा अजून बंदच. साहेब म्हणतात, पुढच्या वर्षी पुन्हा लिही.

१७ नोव्हेंबर

आजीने विचारलं, तुझ्या स्वप्नात बस अजून येते का? मी कधी सांगितलं तिला? आईने सांगितलं असणार. मी म्हणाले, येते. "आत कोण असतं?" कोणी नसतं, फक्त तो. आजी म्हणाली, "मग गाडी रिकामी झाली म्हणायची." आणि वाटीतल्या डाळिंबाचे दाणे सुटे करत बसली.

२३ जानेवारी

सेवगुलचा फोन आला. आईला पुढचं ऐकवेना म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला.

कुठलाही लष्करी पट्टा उघडायची गरज नव्हती. तो आठ वर्षांपूर्वीच सापडला होता. पाटाजवळच्या त्याच खड्ड्यात, मिरियांथीमावशीच्या वडिलांबरोबर. सहा जण होते. पाच जणांच्या घरच्यांचं रक्त होतं, ते आपापल्या नावाने घरी गेले. सहावा तेव्हापासून फळीवर एका खोक्यात, बिननावाचा. आम्ही इकडे रस्त्यावर उभे राहून विचारत होतो, कुठे आहेस. तो तिकडे आमची वाट पाहत होता.

आजीला सांगितलं. तिने पोपटी स्वेटरची बटणं एकेक करून काढली, स्वेटर घडी करून माझ्या हातात दिला.

"ड्रायव्हर सगळे उतरल्यावरच उतरतो," ती म्हणाली. "सांगितलं नव्हतं तुला?"