लखन पगारेच्या गळ्याची वाटणी

मी, लखन सुनील पगारे, वय सव्वीस, धंदा सोल आणि फंक गायन, राहणार अंबड, नाशिक. डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या दबावाखाली नाही, फक्त सलाईनखाली, हे लिहून ठेवतो. उद्या सकाळी माझं स्वरयंत्र काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, जीव राहील, आवाज राहणार नाही. म्हणजे मरतोय तो गायक. त्याची वाटणी त्याने तोंड असताना केलेली बरी.

आधी धंदा काय ते सांगतो, नाहीतर वारसदार ऑर्केस्ट्रा म्हणतील. सोल म्हणजे पोटातून ओरडायचं, पण सुरात. फंक म्हणजे बेस गिटारने लोकांची कंबर हलवायची. मी दोन्ही मोबाईलवर बघून शिकलो. कॉलनीत जयंतीला भीमगीत फंकवर घेतलं, तर म्हाताऱ्या नाचल्या आणि कमिटीवाले रुसले. पिंपळगाव बसवंतला हळदीत गायलो, तर नवरदेवाचा मामा म्हणाला, याला आधी पाणी पाजा.

माझा माईक साक्षीला. ती माझ्यामागे कोरस करायची. मी ॲडमिट झालो त्याच आठवड्यात ती माझ्या जागी उभी राहिली, माझं चमकीचं जॅकेट घालून. जॅकेट परत मागत नाही. अस्तरात खाजकुयली भरलेली आहे, ती जॅकेटसोबतच दिली असं समजावं.

हेडफोन पप्पांना. कंपनीत प्रेस शॉपला पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत. कान होते तेव्हाही त्यांनी माझं एक गाणं ऐकलं नाही. आता मी मुका, ते बहिरे, घरात भांडण होणार नाही.

आता अश्विन गांगुर्डे. माझा शाळेपासूनचा दोस्त, बँडमध्ये बेस वाजवतो. तोच म्हणाला होता, तुझा आवाज दुधासारखा आहे, सोलला फाटका लागतो, तंबाखूचा मावा खा. मी खाल्ला. भरपूर खाल्ला. आवाज फाटला आणि कार्यक्रम वाढले. लोक म्हणायचे, काय दर्द आहे पोराच्या गळ्यात. होताच. त्या टाळ्या मला नव्हत्या, गळ्यातल्या कॅन्सरच्या गाठीला होत्या.

शेवटच्या गाण्याच्या वेळी बेसिनमध्ये रक्त पडलं. मी म्हटलं, दवाखान्यात जातो. अश्विन म्हणाला, "रेकॉर्डिंग होऊ दे रे भावा. हा आवाज परत नाही यायचा."

खरं बोलला. गाणं नेटवर जोरात चाललंय. तर गाण्याखाली गायक म्हणून माझं नाव काढून गाठीचं टाकावं. आणि तपासणीनंतर गाठ जेवढी उरेल तेवढी बरणीत घालून अश्विनला द्यावी. त्याने ती स्टेजवर लोकांना दिसेल अशी ठेवावी. त्याचा मोबाईल नंबर मी द्वारका चौकातल्या पुलाच्या खांबांवर मूळव्याधीच्या हमखास इलाजाखाली चिकटवून ठेवलाय. फोन येतील. प्रेमाने बोलावं.

राहिली मम्मी, सुमनबाई. दुपारपासून उशाशी मोबाईल धरून बसली होती. "काहीतरी बोलून ठेव ना बाळा. गाणं नको. नुसतं मम्मी म्हण."

मी खुणेने सांगितलं, गळा दुखतो. एवढं म्हणायला दुखत नाही.

शेजारच्या खाटेवर मंगळूभाऊ आहेत. त्यांचं हेच ऑपरेशन झालंय. त्यांची बायको भेटायला आली की त्यांचा जुना आवाज मोबाईलवर लावते. त्यात ते भाजी काय आणू विचारतात. ती त्या मोबाईलला उत्तर देते, मेथी आणा म्हणते, हसते. मंगळूभाऊ भिंतीकडे तोंड करून पडतात. तिचं लक्ष नसतं.

मला घरात दुसरा लखन नको. मम्मी डबा धुवायला गेली तेव्हा तिच्या मोबाईलमधले माझे सगळे आवाज मी उडवले. 'भाकरी टाक, येतोय' हासुद्धा. ती खूप शोधेल, रडेल, मला शिव्या देईल. देऊ द्या. तिला माझ्याकडून काही नाही. शिव्या मात्र तिने माझ्याकडे बघून द्याव्यात.

हे कोणी बदलू नये. मलाही उद्यानंतर तोंडी बदलता येणार नाही.

ठिकाण : नाशिक, घशाचा वॉर्ड
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५
सही : लखन सुनील पगारे

साक्षीदार १ : उज्वला सिस्टर. घाईत होत्या, न वाचता सही केली.
साक्षीदार २ : मंगळूभाऊ. सगळं वाचलं. मम्मीचं कलम दोनदा वाचलं, मग खुणेने पेन मागितला.